चंदेरी रंगाची कुदळ

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. जुन्या वस्तूंनी आपले रडगाणे गायची रीत आहे. मी गाणार नाही. मला माणसांचे हसू येते, आणि ते काही प्रेमाने येत नाही.

माझा जन्म भंडारा जिल्ह्यातल्या एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. माझ्या मालकीणबाई चंदाबाई, त्यांच्या वडिलांनी मला वीस वर्षे राबवले. गावतलावाचा येवा, म्हणजे पाणी आत येण्याची वाट, ते दर उन्हाळ्यात मला घेऊन मोकळा करत. त्याचा फोटो कोणी काढला नाही, पण तलाव भरायचा. पुढे चंदाबाईंचे यजमान रावसाहेब लखनौला एका सरकारी कंपनीत मोठे साहेब झाले आणि चंदाबाईंबरोबर आलेली मी तिथल्या गोमती नगरच्या घरामागे कोथिंबिरीचे वाफे खणू लागले.

मग कंपनीने लखनौबाहेरच्या बख्शी का तालाब या गावाजवळच्या एका खेड्यातले तळे सुधारायला घेतले. शुभारंभाला कुदळ हवी म्हणून रावसाहेबांनी मला नेले. मला चंदेरी रंग फासला, दांड्याला लाल रिबन बांधली. पाहुण्यांच्या हातांना त्रास नको म्हणून तिथे मऊ वाळू ओतून ठेवली होती! पाच जणांनी मला त्या वाळूत टेकवले आणि टाळ्या घेतल्या. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तळ्याभोवती कंबरभर उंचीची अखंड भिंत उठली. आत बाकडी, रंगीत फरशा आणि 'पाणी वाचवा' असा फलक. शेजारी तीन बिघे कसणाऱ्या गीताने विचारले, "साहब, दीवार तो बढ़िया है, पर पानी किधर से आएगा?"

"ऊपर से," म्हणून रावसाहेब हसले, आणि ते हसले म्हणून सगळे हसले. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यात वाढलेला माणूस! शिकूनसवरून अडाणी, दुसरे काय?

उद्घाटनाआधी सलग चार दिवस पाऊस लागला. शेतांतून वाहत आलेले पाणी भिंतीला अडले आणि गीताच्या भाताच्या रोपांत तुंबले. रोपे बुडाली. आणखी एका दिवसात ती सडली असती, आणि पुन्हा पेरायला तिच्याकडे बियाणे नव्हते. आत तळ्यात मात्र घोटाभरही पाणी नव्हते. मग साहेबांनी काय करावे? टँकर मागवला! उद्घाटनाच्या दिवशी भिंतीबाहेर पाणी, भिंतीच्या आत टँकरचा पाइप, आणि मधे उभे राहून हे शहाणे जलसंधारणावर भाषण करत होते.

शोभेसाठी पुन्हा आणलेली मी मखमली उशीवर पडून ऐकत होते. पाहुण्यांत बसलेल्या चंदाबाई उठल्या.

"अहो, ह्याला येवा कुठाय?"

"चंदा, आत्ता नाही. लोक बघताहेत."

"बघू द्या ना!"

त्यांनी पदर खोचला, मला उचलले आणि भिंतीवर घातले. गीता आपली पहार घेऊन धावत आली. "दीदी, इधर से, ढलान इधर है!" रावसाहेबांनी फोटोग्राफरला घाईघाईने चहाला पाठवले. दोन तासांनी भिंतीला हातभर खिंडार पडले आणि पाणी आत शिरले. संध्याकाळपर्यंत रोपांचे शेंडे वर आले. गीता चिखलातच बसून रडली. मला फार आनंद झाला.

माझे टोक आता बोथट आहे, रंग उडाला आहे आणि चंदाबाईंनी तिच्याकडेच ठेवल्यामुळे मी गीताच्या ओसरीत मजेत आहे. रावसाहेबांनी दुसऱ्या गावच्या तळ्यासाठी नवी कुदळ आणली आहे, रिबनीसकट.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी सांगणार नाही. मला झिजवा. आणि अशी नटवलेली कुदळ तुमच्या गावात आली तर तिचे टोक बघा. त्याला माती लागलेली नसेल तर टाळ्या वाजवू नका. भिंत उठायच्या आधी तिथे जाऊन उभे राहा आणि येवा कुठे आहे ते विचारा.