पावणेचौदा गुंजा

आत्या गेली तेव्हा तिच्यामागे एक तोळ्याची बांगडी, एक पितळी तराजू आणि आमच्या सगळ्यांबद्दलचं तिचं मत एवढंच उरलं. मत ती ज्याचं त्याला हयातीतच देऊन बसली होती, त्यामुळे वाटणी सोपी झाली. बांगडी ताईला, तराजू दुकानाला. मला काही नाही. मी तक्रार केली तर बाबा म्हणाले, "तुला दात मिळालाय ना?"

तो दात पुढे येईलच.

आमचं दुकान सोन्याचं. म्हणजे दुकान सिमेंटचंच आहे, आत सोनं मिळतं. हा विनोद मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो आणि बाबा प्रत्येक वेळी भिंतीकडे बघतात. बाबा हसत नाहीत. जेवतानासुद्धा ओठ घट्ट मिटून असे हळू चावतात, की घासाला कानगोष्ट सांगतायत असं वाटावं. पुढे काचेचं कपाट, तिथे मी. मागे भट्टी, ऐरण आणि बाबा. वर घर.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिची जागा खिडकीशी होती. ती गुंजांनी सोनं तोलायची. गुंज म्हणजे एक बी. लालभडक, आणि टोकाला काळा ठिपका, डोळ्यातल्या बाहुलीसारखा. अशा शहाण्णव गुंजा म्हणजे एक तोळा. तिने डबीचं झाकण उघडलं की शंभरेक डोळे एकदम वर बघायचे. गालात कायम एक लवंग. बाबांनी इलेक्ट्रॉनिक काटा आणला तेव्हा ती म्हणाली, "वीज गेली की याची बोबडी वळते. असलं मेलं साक्षीदार म्हणून तरी चालेल का?"

भांडण खरं काट्याचं नव्हतं, तोळ्याचं होतं. जुना तोळा अकरा ग्रॅम सहासष्ट. बोलायला जड, हिशेबाला त्याहून जड. बाजाराने त्याला कधीच तासून दहा ग्रॅम केलाय, आणि नवं सोनं घेणारा दहाचेच पैसे मोजतो, त्यात कुणाचं काही जात नाही. पण आमच्या दारावर बाबांनी पाटी लावली होती: 'जुना तोळा आणा, नवा तोळा न्या.' लोक आजीच्या वेळचं सोनं आणायचे, चकचकीत नवं घेऊन खूश होऊन जायचे. तोळ्याला तोळा.

"आणि मधलं कुठे जातं रे?" आत्या विचारायची.

"घट, अक्का. वितळताना घटतं."

"पावणेचौदा गुंजा घटतं? सोनं आहे की कापूर?"

"कोण बघतं एवढं!" बाबा म्हणायचे. त्यावर आत्या डबीचं झाकण उघडून ठेवायची.

तर आत्याची बांगडी ताईच्या हातात शिरेना. ताई पोहायला शिकवते, तिचे हात वल्ह्यासारखे. बाबांनी बांगडी वितळवून नवी घडवली. इलेक्ट्रॉनिक काट्यावर बरोब्बर दहा. "एक तोळा," बाबा म्हणाले. त्याच आठवड्यात मी दाताने सोड्याची बाटली उघडायला गेलो होतो. बाटली उघडली नाही, दात उघडला. बाबांनी कधी नव्हे ते औदार्य दाखवून एक चिमुकला सोन्याचा मणी काढून दिला. दंतवैद्याने त्याची टोपी करून माझ्या दाढेवर बसवली. तेव्हापासून त्या बाजूने काहीही चावलं तरी लवंगेची चव यायची. दंतवैद्य लवंगेचं तेल वापरतात, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी काही मनावर घेतलं नाही.

ताईने गंमत म्हणून बांगडी आत्याच्या तराजूत टाकली. दुसऱ्या पारड्यात जुन्या तोळ्याचं वजन. बांगडीचं पारडं वर. मग ती बांगडीकडे एकेक गुंज टाकत गेली. तेरा झाल्या, तरी काटा किंचित कलता. डबीत चौथाई कापून पाऊण उरलेली एक गुंज होती. ती टाकली आणि काटा सरळ झाला.

"बाबा, आत्याचं बरोबर होतं. पावणेचौदा कमी."

"गंजलाय तो तराजू."

"पितळ गंजत नाही, बाबा."

"मग वैतागलाय. घाल ती हातात आणि जा."

ताई हसत गेली.

पुढच्या आठवड्यात ती तलावावरून परतली ती चिडून. "आज मला बुडताच येईना."

"ही चांगली बातमी आहे ना?" मी म्हटलं.

"अरे, तळाला पडलेली किल्ली काढायची होती. सूर मारला की बुचासारखी वर. पोरं हसायला लागली."

घरातल्या वजनकाट्यावर तिचं वजन बारा किलोंनी उतरलं होतं. ताई आधी खूश झाली, दोन मैत्रिणींना तिने फोनही केला. मग मैत्रिणींनी आहार विचारला, आणि सांगण्यासारखं काही नव्हतं. ती तेच खात होती, तेवढंच. कंबरेत तसूभर फरक नव्हता. सगळी ताई जागच्या जागी होती, फक्त वजन नव्हतं.

तिने बांगडी पुन्हा तराजूत टाकली. आता पावणेअकरा गुंजांतच काटा सरळ झाला. इलेक्ट्रॉनिक काट्यावर मात्र तेच दहा.

मी गणितात ढ आहे, पण हे गणित अंगावर आलं. तीन गुंजा भरल्या, बारा किलो गेले. गुंजेला चार किलो.

"म्हणजे बांगडी तूट भरून काढतेय," ताई शांतपणे म्हणाली. "माझ्यातून."

"पण गुंजेला चार किलो? हा काय भाव झाला?"

"सोन्याचा आणि माणसाचा भाव सारखा असतो का, वेड्या?" मग तिने विचारलं, "पावणेचौदा चोक?"

"पंचावन्न."

सुरुवातीला ताईचं वजन पंचावन्न किलो होतं. शेवटची गुंज भरेल तेव्हा बांगडी पुरा तोळा होईल, आणि ती घालायला कुणी उरणार नाही.

"काढून टाक ना मग हातातून!"

तिने काढली. तिची वेणी आधी वर गेली. मग टाचा. मी धावत तिचा पाय धरला, तेव्हा तिचं डोकं पंख्यापासून वीतभर लांब होतं. नशीब, पंखा बंद होता. मी बांगडी तिच्या मुठीत कोंबली, तशी ती खाली उतरली, वाळत घातलेली साडी दोरीवरून घसरावी तशी.

"उरलेलं वजनही हिच्यातच अडकलंय. ठेवते हातातच," ताई म्हणाली.

पुढचे दिवस फार शांत गेले. त्रास त्या शांततेचाच होता. ताईच्या चपलांचा आवाज जिन्यावर येईना. तुम्ही वळून बघावं तर ती मागे उभी असायची. ती गादीवर बसून उठली तरी गादीला पत्ता नसायचा. मी तिला स्कूटरवरून तलावावर सोडायला गेलो आणि पोचल्यावर म्हणालो, उतर. मागे कुणीच नव्हतं. मागच्या वळणावर एका जाहिरातीच्या खांबाला धरून ताई आडवी फडफडत होती, आणि खालून जाणारे लोक जाहिरात समजून वाचायचा प्रयत्न करत होते.

तलावाच्या साहेबांनी तिला रजेवर पाठवलं. "पाण्याला हात लावत नाही तुम्ही. पाण्यावरून चालता. पालक विचारतात, हे शिकवायची फी वेगळी आहे का?"

ती रात्रंदिवस खिडकीशी, आत्याच्या जागेवर बसू लागली. खिशात दगड. पारड्यात गुंजा कमी कमी होत गेल्या. ज्या दिवशी अर्धीच लागली, त्या दिवशी तिचा आवाजही हलका झाला. जवळ जाऊन ऐकावा लागायचा. "आई परत येईपर्यंत टिकते का बघ रे," ती म्हणाली. आई मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. फोनवर आम्ही तिला सांगितलं होतं की ताई जरा बारीक झालीय. आई म्हणाली होती, छान.

मी मागे भट्टीशी गेलो. "बाबा, उरलेलं सोनं कुठे आहे?"

"कुठलं?"

"आत्याच्या बांगडीतलं. पावणेचौदा गुंजा."

"घट," बाबा म्हणाले. पण सवयीने म्हणाले. त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती. माझ्या तोंडावर होती.

मी जिभेने दाढ चाचपली. लवंग.

"आत्या माझ्या तोंडात आहे?" मी विचारलं.

"अक्का नाही. अक्काची तूट."

मला वाटत होतं मी मोठा धीराचा भाऊ आहे. बाबांनी पक्कड काढली तेव्हा मी ऐरणीमागे सापडलो. ताई आली. आली म्हणजे छताच्या कडेने सरकत आली. वरून माझ्याकडे बघून इतकंच म्हणाली, "चुळा भरून घे आधी, घाणेरड्या."

टोपी निघाली. दाढेचा तुकडाही निघाला, पण त्याचं दुःख इथे मांडत नाही. ताईला स्टुलावर बसवून मांडीवर ऐरण ठेवली, वरून मी ऐरणीला धरून लोंबकळलो. बाबांनी तिच्या हातातली बांगडी काढली आणि टोपीसकट मुशीत टाकली. मूस म्हणजे सोनं वितळवायची छोटी कुंडी. बाबा ज्योत फुंकू लागले.

स्टूल जमिनीवरून उचललं गेलं. ऐरण, ताई, मी, सगळं गुडघाभर वर तरंगत होतं. ताईचा चेहरा इतका फिकट झाला, की तिच्या गालातून मला मागचं कॅलेंडर दिसलं. रविवार लाल असतात हे मी तिच्या कपाळातून वाचलं.

मग मुशीतून आवाज आला. ताईचा. अगदी स्वच्छ, पूर्वीसारखा.

"बाबा, भाजतंय."

बाबांची फुंकणी ओठांवरून सरकली. स्टुलावरच्या ताईचे ओठ हललेच नव्हते.

"थांबू नका," मी ओरडलो. "थांबलात तर अर्धी तिकडे, अर्धी इकडे राहील!"

"भाजतंय हो," मूस म्हणाली, आणि त्याखाली दुसरा एक आवाज होता, जाडा, गालात काहीतरी धरून बोलल्यासारखा: "फुंक रे. आतातरी नीट फुंक."

बाबा फुंकत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धुराचं असेल, पण सोन्याला धूर नसतो.

बांगडी घडली. खिडकीशी तराजूत टाकली. तोळ्याचं वजन समोर. काटा हलला, डुलला आणि एका गुंजेएवढा कलून थांबला. दंतवैद्याने टोपी घासून बसवली होती. ती एक गुंज त्याच्या घासण्यात गेली असणार.

"एका गुंजेचं काय," बाबा पुटपुटले, "कोण..."

ते मधेच थांबले. आत्याची डबी उघडी होती. झाकण आमच्यापैकी कुणी काढलं नव्हतं. आत सगळ्या गुंजा काळा ठिपका वर करून होत्या. एकही कुशीवर नव्हती.

बाबांनी झाडू घेतला. सोनाराच्या दुकानातला केर कधी टाकत नाहीत. त्यात कानस मारताना उडालेले कण असतात. बाबांनी गुडघ्यांवर बसून फरशीच्या फटी झाडल्या, भट्टीखालचं झाडलं, स्वतःचा सदरा झटकला. केर धुतला, जाळला, उरलं ते वितळवून बांगडीला लावलं. पुन्हा तराजू.

काटा सरळ.

स्टूल मोडल्याचा आवाज आला. ताई जमिनीवर होती, मांडीवर ऐरण, ऐरणीवर मी.

"उठ मेल्या!" ताई किंचाळली. "किती जड आहेस!"

इतकं गोड मला आजवर कुणी बोललं नव्हतं. ती लंगडत जिना चढली, आणि पायरीपायरीवर धप धप वाजलं. बाबा खाली उभे राहून शेवटच्या धपपर्यंत ऐकत होते.

सकाळी मी शटर उचललं. रस्त्यावर गर्दी होती आणि गर्दीचा आवाज नव्हता.

शिंपीणबाई आल्या होत्या, पदराला दोन इस्त्र्या बांधून. पलीकडचे घड्याळजी विजेच्या खांबाला मिठी मारून होते. एक आख्खं कुटुंब दोरीने एकमेकांना बांधून आलं होतं, सर्वांत वर त्यांचं लहान पोर, फुग्यासारखं, कानात आमच्याच दुकानातल्या बाळ्या. मागे आणखी लोक, कोपऱ्यापर्यंत. सगळे वर बघत होते, आमच्या पाटीकडे.

"बसा ना," मी शिंपीणबाईंना म्हटलं.

"बसता येत नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आले."

खिडकीतला तराजू आपोआप डुलू लागला. मी जिभेने माझे उरलेले दात चाचपले. सगळे हाडाचे. माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं, आणि मागच्या सगळ्या घटीचं सोनं कुठे गेलं ते मला ठाऊक नव्हतं.

बाबा भट्टीकडून आले. त्यांनी रस्त्यावरच्या लोकांकडे पाहिलं, त्या पोराकडे जरा जास्त वेळ. मग रिकाम्या स्टुलांपैकी न मोडलेलं ओढून त्यावर बसले आणि पक्कड माझ्या हातात दिली.

"हरवू नये म्हणून जपून ठेवलं होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी तोंड उघडलं.

पुढून मागपर्यंत, वर आणि खाली, सगळं पिवळं होतं. सकाळचं ऊन त्यावर पडून छतावर गेलं. लवंगेचा वास आला. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझे विनोद पडतात.