जावई आणि मखमल

बोकडाला घरात सगळे जावई म्हणत. सगळे म्हणजे दोघंच, ती आणि तिचा नवरा. नाव तिनंच ठेवलं होतं, तेही चिडून, कारण त्याची बडदास्तच तशी होती. घरातली सगळ्यात उबदार भिंत त्याची, पहिला हिरवा चारा त्याचा, आणि त्यानं तोंड फिरवलं की नवऱ्याच्याही घशाखाली घास उतरत नसे. नवऱ्याला ते नाव भारी आवडलं. त्यातला टोमणा त्याच्या लक्षातच आला नाही.

माजावर आलेला बोकड ज्यांनी जवळून पाहिला नाही ते सुखी. तो स्वतःच्याच दाढीवर मुततो. चुकून नव्हे, चांगला नेम धरून. पुढचे पाय भिजवतो, छाती भिजवतो, आणि मग वरचा ओठ उलटा करून, आभाळाकडे तोंड करून, अत्तर लावून समारंभाला निघालेल्या माणसासारखा उभा राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला हसू आलं होतं. त्यानंतर कधीच नाही. तो वास उग्र तर होताच, पण नुसता उग्र असता तर चाललं असतं. तो चिकट होता. केसांत शिरायचा, नखांत बसायचा, पाण्याच्या पेल्याला लागायचा. त्याच्या शेजारी बांधलेल्या दोन शेळ्यांच्या दुधालाही लागायचा. नवरा रोज सकाळी ते दूध फेस येईपर्यंत वरखाली करून, स्वतःच्या हातानं तिला आणून द्यायचा आणि ती पिईपर्यंत समोर उभा राहायचा. प्रेमानंच. ती श्वास रोखून ते घशाखाली लोटायची आणि रिकामा पेला दाखवायची.

हे सगळं येणाऱ्या वाईट दिवसांसाठी होतं. नवरा विमा कंपनीत कारकून होता, तेव्हापासूनच त्याला खात्री होती की एक दिवस बँका बंद पडणार, नोटांची रद्दी होणार आणि दुकानांत नुसती फडताळं उरणार. मोबाइलवर सांगणारेही त्याला भरपूर भेटले. मग नोकरी सोडली, शहरातलं घर विकलं आणि गावाबाहेर ही जागा घेतली. विहीर, वाफे, कोंबड्या, शेळ्या. एका खोलीत पिंपं भरून गहू. नियम असा की सगळ्यात जुनं पिंप आधी संपवायचं, म्हणजे साठा ताजा राहतो. साठा राहिला ताजा, पण ते दोघं मात्र कायम जुनं, जाळी धरलेलं, सोंडे पळणारं धान्यच खात राहिले. संडास बादलीचा. वर लाकडाचा भुसा टाकायचा आणि बादली भरली की खताच्या ढिगावर नेऊन पालथी करायची. ते काम आळीपाळीनं करायचं ठरलं होतं. त्याची पाळी आली की त्याची कंबर धरायची.

तरी तिनं कधी भांडण काढलं नाही, कारण त्याचं भय कुठून आलं ते तिला ठाऊक होतं. लहानपणी त्याच्या वडिलांचा कारखाना बंद पडला, तेव्हा ते शेजाऱ्यांच्या दारात रिकामं भांडं घेऊन उभे राहिलेले त्यानं पाहिले होते. लग्नानंतर ते सांगताना त्यानं तोंड भिंतीकडे केलं होतं. अशा माणसाला काय बोलायचं.

बाहेरचं काहीच लागत नाही, असं नवरा आल्यागेल्याला सांगायचा. आणि मीठ, काडेपेटी, शेळ्यांची पेंड, जनावरांच्या डॉक्टरची फी, विहिरीवरच्या पंपाचा बिघाड? ते सगळं तिच्या शिवणातून निघायचं. ती पडदे शिवायची. शहरात तिच्या नणंदेचं पडद्यांचं दुकान होतं. मापं तिथं घेतली जायची, कापड इथं यायचं. चुण्या, अस्तर, खालची दुमड, यात तिचा हात धरणारं दुसरं कुणी नाही असं नणंद गिऱ्हाइकांना सांगायची. वहिनीला मात्र ती वेगळंच सांगायची. दुकानामागची खोली रिकामी आहे, मशीन इथं आण, त्या उकिरड्यात नको शिवूस. पण नवऱ्याला एकटं टाकून दिवसभर शहरात बसायचं तिच्या जिवावर यायचं. मशीन घरीच राहिलं, आणि ज्या खोलीत राहिलं तिची मागची भिंत जावयाची.

व्हायचं तेच झालं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिवाणखान्यात नवे पडदे लावले. सकाळी सगळं छान होतं. दुपारी पडद्यांवर ऊन आलं, कापड तापलं आणि खोलीत जणू कुणी बोकड आणून बांधला. पडदे पिशवीत कोंबून परत आले. नणंदेनं ते स्वतः धुऊन घेतले, गिऱ्हाइकाची समजूत काढली आणि वहिनीला फोनवर एवढंच सांगितलं, की पुढचं काम एका सभागृहाच्या रंगमंचाचं आहे, मखमलीचा भला मोठा पडदा. यातही वास निघाला तर मी तुला काम देऊ शकणार नाही, वहिनी. दादाची बहीण असले तरी दुकान मलाही चालवायचं आहे.

तिनं नवऱ्याला समोर बसवलं आणि सांगितलं, की जावयाला वाफ्यांच्या पलीकडे, लांब बांधा. तिथं वारा लागतो, तो म्हणाला. तिचे डोळे भरून आले, आणि ते त्यानं पाहिलं.

मखमल आली. गडद, पिकलेल्या जांभळासारखी. एका बाजूनं हात फिरवला की उजळायची, उलटा फिरवला की काळोखी व्हायची. तिनं खिडक्या बंद केल्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, भिंतीला जुन्या गाद्या टेकवल्या. हात धुतल्याशिवाय कापडाला शिवायचं नाही, असं स्वतःलाच बजावलं. पडदा पूर्ण झाला तेव्हा तिनं त्यात तोंड खुपसून वास घेतला आणि तिला काही कळेना. नाकच मेलं होतं. मग वर लावायची पट्टी आणि कड्या आणायला ती शहरात गेली. जाताना नवऱ्याला म्हणाली, "वास येतोय का, मला काही कळत नाही हो."

ती परतली तेव्हा पडदा भिंतीमागच्या, जावयाच्या कुंपणावर वाळत होता.

नवऱ्यानं तो धुतला होता. कढत पाण्यात, दगडावर घासून, घरच्या साबणानं. विकतचा साबण घरात येत नसे. चुलीची राख आणि मेलेल्या शेळीची चरबी यांतून तो स्वतःच साबण करायचा, पिवळट, बोटांना चिकटणारा. मखमलीची लव गोळा होऊन चिकटली होती. रंग ओघळून खालच्या मातीत उतरला होता. शहरात जाऊन तिचं नाक जागं झालं होतं, आणि कापडाला आता दोन वास होते, चरबीचा आणि त्याच्यावर जावयाचा, कारण तो कुंपणातून तोंड काढून पडद्याच्या कडेला दाढी घासत होता. मग त्यानं ओठ उलटा केला.

ती वाफ्याच्या कडेला बसली आणि ओकली. नवरा धावत आला, पाठीवरून हात फिरवू लागला. त्याच्या हातालाही तोच वास.

"तुझ्यासाठीच धुतला गं," तो म्हणाला. "दुपारभर राबलो."

ते खरं होतं. त्याचे पंजे लाल झाले होते, साबणानं कातडी सोललेली होती. तिला त्याची कीव आली. त्याच क्षणी त्यानं पुढचं वाक्य बोलायला नको होतं. तो म्हणाला, "आणि जाऊ दे ना पडदा. बरंच झालं. बाहेरच्या जगाची तेवढी एक दोरी उरली होती, तीही तुटली. आता आपण खरे सुटलो."

तो हसत होता. मोकळं, सुटकेचं हसू. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा त्याची शिसारी आली. बादलीची आली होती, सोंड्यांची आली होती, दुधाची रोज सकाळी येत होती. माणसाची कधी आली नव्हती. त्याचा हात तिनं पाठीवरून काढला, हळूच, पुसायचं फडकं काढून ठेवावं तसा.

मग ती खोलीत गेली. मशीनचे स्क्रू सैल केले, वरचा भाग उचलून चादरीत गुंडाळला, कात्री आणि मापाची पट्टी घेतली. नवरा दारात उभा राहून विचारत राहिला, कुठं चाललीस, कधी येणार, संध्याकाळी दूध कोण काढणार. शेवटी तो म्हणाला, "अगं, पेंड संपत आलीय."

"हो का," ती म्हणाली. "मग जावयाला विचारा."

बसमध्ये तिच्या शेजारची बाई दोन थांब्यांनंतर उठून मागं जाऊन बसली. तिनं मांडीवरचं मशीन जरा पलीकडे सरकवलं आणि दोन्ही जागा घेतल्या.

नणंदेनं दार उघडलं, वहिनीला आपादमस्तक पाहिलं आणि नाकाला हात लावला. काय झालं ते वहिनीनं उभ्या उभ्याच सांगितलं. ऐकता ऐकता नणंद दोनदा खाली बसली.

"नवी मखमल मागवावी लागेल," शेवटी ती म्हणाली. "तुझ्या मजुरीतून कापणार हं मी, वहिनी. दादाचं पाप असलं तरी."

"कापा, वन्सं."

"आणि दादाचं काय? तो काय खाणार?"

"वन्सं, त्यांच्याकडे सात पिंपं गहू आहे. ते स्वावलंबी आहेत. त्यांचं ते बघतील." बोलताना तिचा आवाज जरा हलला. नणंदेनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

आधी आंघोळ, मग बाकीचं, असं नणंदेनं फर्मावलं. वहिनीनं विकतच्या साबणाची अख्खी वडी अंगावर झिजवली. केस धुतले, पुन्हा धुतले. नणंदेचे कपडे घातले. बाहेर येऊन कोपराजवळ हुंगून पाहिलं. थोडा वास होताच. दुकानामागच्या खोलीत टेबलावर कुणाच्या तरी स्वयंपाकघराचं साधं सुती कापड मापाच्या चिठ्ठीसकट पडलं होतं. तिनं एक धुतलेली चादर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत अंगाशी बांधली, बाह्या वर केल्या आणि कापड आपल्याला लागणार नाही इतकं लांब धरून पहिली दुमड घातली.