आईचे शेवटचे फोटो

आई आयुष्यभर फोटोला तोंड चुकवत आली. कुणी कॅमेरा काढला की तिला नेमकी गॅसवरच्या दुधाची आठवण व्हायची. त्यामुळे ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला घरात तिचा एकच फोटो निघाला, ओळखपत्रावरचा. त्यात ती कुणावर तरी डाफरायच्या बेतात आहे.

पण बाबांचा कॅमेरा होता. स्वस्तातला, विटेसारखा जड, सगळं हाताने करायचा. उजेड मोजणारा काटा कधीच बंद पडलेला. बाबा खिडकीकडे बघून अंदाजाने आकडे लावत. शेवटच्या आजारपणात आई रोज सकाळी उशीला टेकून बसायची, केस नीट करायची आणि बाबा समोर बसून भिंग फिरवत राहायचे. एका फोटोला पाव तास.

"एवढ्यात चित्र काढून झालं असतं," दादा म्हणायचा. आई हसायची. तो हसरा चेहरा आम्हाला हवा होता.

ती गेल्यावर मला रडूच आलं नाही. लोक भेटायला येत, मी चहा करी, कपबशा विसळी. आत सगळं ढिम्म. फोटो पाहिला की काहीतरी हलेल, म्हणून कॅमेरा घेऊन स्टुडिओ गाठला.

स्टुडिओवाल्या काकांनी रोल गुंडाळायची चकती फिरवून पाहिली. ती सैल फिरली. त्यांनी मागचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं.

"रोल नाहीये यात, ताई."

घरी बाबा मटार सोलत होते.

"बाबा, कॅमेऱ्यातला रोल कुठाय?"

"नव्हताच."

"म्हणजे आईला फसवलंत?"

"तिला कोण फसवणार? रोल होता तोवर बसायला तयार नव्हती. म्हणाली, 'मी गेल्यावर हे आजारी थोबाड भिंतीवर नको.' मग रोल काढून टाकला, तिला दाखवला, तेव्हा कुठे बसली. पुढे रोज आधी झाकण उघडायला लावायची."

"मग इतके दिवस तुम्ही काढत काय होता?"

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले.

"काढत कुठे होतो? बघत होतो. एरवी जरा बघत बसलं की 'काय बघताय' म्हणायची."

मी कॅमेरा कपाटात ठेवला आणि फोटो मोठा करून घ्यायला ओळखपत्र पर्समध्ये टाकलं. आई गेल्यापासून मला पहिल्यांदाच काहीतरी वाटत होतं. मला बाबांचा हेवा वाटत होता.