शिवणीचा वळ

जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी दुपारी आमच्या गावच्या हेरन्स या बेसबॉल संघाचे चाहते अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये जमतात. बाहेर गुडघाभर बर्फ, सरोवर गोठलेलं, मैदानाला कुलूप. आत पिरोगीच्या, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांच्या, परातींतून वाफा निघत असतात आणि माणसं अशा खेळाडूंबद्दल बोलत असतात, ज्यांचं नाव पोर्ट हॅलमच्या बाहेर कुणी ऐकलेलं नाही. नियमच आहे तसा. हेरन्समधून जो वर मोठ्या लीगमध्ये पोचला, त्याचं नाव काढायचं नाही. त्याच्याबद्दल बोलायला अख्खा देश आहे. आपण आपल्या पोरांबद्दल बोलायचं.

त्यातल्या एकाला दरवर्षी निवडतात. त्याला संघ सोडून एक पूर्ण हंगाम उलटलेला असावा लागतो. तिसऱ्या बेसमागच्या जुन्या लाकडी खुर्च्यांपैकी एकीची पाठीची फळी काढून आणतात, तिच्यावर त्याचं नाव रंगवतात आणि ती परत खुर्चीला बसवतात. मात्र हात सगळ्यांचे वर व्हावे लागतात. एक जरी खाली राहिला तर नाव बाद.

मी या हॉलमध्ये लहानपणापासून येते. यंदा येऊच नये असं वाटत होतं.

"जोसीला सर्दी आहे," मी डेरिकला म्हणाले.

"तिला नोव्हेंबरपासून सर्दी आहे," माझा नवरा म्हणाला आणि तिच्या पायात बूट चढवायला बसला. "लायल यंदा क्लेटनचं नाव काढणार आहे. आपण नसलो तर कसं दिसेल? आपल्या घरी राहिलाय तो."

जोसी साडेतीन वर्षांची आहे. तिच्या हातात नेहमीप्रमाणे तो बॉल होता.

हेरन्सच्या पोरांना जो पगार मिळतो त्यात घरभाडं निघत नाही. म्हणून गावातली घरं त्यांना उन्हाळाभर एकेक खोली देतात. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे क्लेटन विटेक होता. नेब्रास्काचा, तेवीस वर्षांचा, डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. शेवटचे दोन-तीन डाव उरले की त्याला पाठवायचे. आमचा फ्रिज रिकामा करायचा आणि मग कान लाल होईपर्यंत माफी मागायचा. जोसी तेव्हा दोन वर्षांची होती. तो मैदानावरून आला की ती पायऱ्यांवर जाऊन बसायची, तो बूट काढत असताना एकेक बूट उचलून आत नेण्यासाठी.

हॉलमध्ये आम्ही मधल्या टेबलावर बसलो. मी जोसीच्या सॉसेजचे आधी उभे, मग आडवे तुकडे केले. गोल तुकडा घशात अडकतो. समोर केस कापणारी डॉट केर्न्स बसली होती. जोसीचे केसही तीच कापते. पलीकडे मिसेस डोबेक. त्या तीस वर्षं शाळेची बस चालवायच्या, मीही त्यांच्याच बसमध्ये वाढले, त्यामुळे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायला अजून जीभ वळत नाही. कुठला खेळाडू कुणाच्या घरी राहणार हे त्याच ठरवतात. या सभेच्या अध्यक्षाही त्याच.

सुरुवात झकास झाली. कुणी तरी त्या कॅचरची आठवण काढली जो ड्रेसिंग रूममध्ये सगळ्या संघाचे केस कापायचा.

"आणि वाट लावायचा," डॉट म्हणाली. "सोमवारी सगळा संघ माझ्याकडे रांगेत! त्याच्यामुळे मी नवं छप्पर घातलं."

मग बदकांना घाबरणारा तो आउटफिल्डर निघाला. बदक मैदानात उतरलं की हा बॉल सोडून कुंपणाकडे पळायचा. लोक हसून हसून डोळे पुसत होते. डेरिकही हसत होता. मी जोसीच्या ताटाकडे बघत होते.

मग लायल प्रुइट उठले. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं आमचा धावफलक त्यांनी हाताने बदलला.

"रविवारची दुपार," ते म्हणाले. "चौदावा डाव. बाकावर एकही गडी उरलेला नाही. शेवटी पिचरच्याच हातात बॅट द्यायची वेळ आली. आणि या क्लेटनने शाळा सुटल्यापासून बॅट धरलेली नाही!"

"धरली कशी होती ते सांगा!" मागून कुणी ओरडलं.

"झाडूसारखी! तिन्ही बेसवर आपली माणसं उभी. पहिला बॉल आला, याने डोळे मिटले. दुसऱ्यालाही मिटले. तिसरा आला तो थेट बरगडीत! धप्पकन आवाज मला वर धावफलकाशी ऐकू आला."

"तुम्हाला? तुम्हाला तर बायकोची हाक ऐकू येत नाही!"

"ती मी मुद्दाम ऐकत नाही. तर, बॉल अंगावर बसला म्हणजे पहिला बेस फुकट. सगळे एकेक घर पुढे सरकले, तिसऱ्यावरचा चालत घरी आला, ती धाव मिळाली आणि सामना आपला! आणि हा पठ्ठ्या काय करतो? शर्ट वर करून आख्ख्या मैदानाला बरगडी दाखवतो. लालबुंद वळ, आणि त्यात बॉलच्या शिवणीचे टाके उमटलेले. अकरा टाके. मी मोजले."

"तेव्हा तुम्हाला मोतीबिंदू होता, लायल!"

"म्हणून अकरा. डोळे धड असते तर वीस भरले असते."

लोकांनी टेबलं बडवली. जोसीनेही बॉल टेबलावर आपटला, आणि लायल म्हणाले, "हाच! हाच तो बॉल! पोरीला देऊन टाकला त्याने. दुसरा कुणी असता तर विकून खाल्ला असता."

मग मिसेस डोबेक म्हणाल्या, "तर मग, हात वर."

हात भराभर वर गेले. डेरिकचा गेला. माझा मांडीवरच होता, पण मी जोसीचं नाक पुसत होते, तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नसावं. तेवढ्यात डॉट हळूच म्हणाली, "माझा हात नाही."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"मला वाईट वाटतंय," ती म्हणाली. तिची मान लाल झाली होती. "पोरगा मलाही आवडायचा. पण त्याला घरातून का हलवलं, ते इथे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. मुलीला बॉल मारला त्याने. दोन वर्षांच्या मुलीला. त्या घरातली माणसं इथे बसलीत. उद्या ही पोरगी मोठी होऊन त्याच्या नावाच्या फळीला पाठ टेकणार का?"

"चुकून लागला असेल, डॉट," डेरिक म्हणाला. "आम्ही ते कधीच सोडून दिलंय. माझा हात वरच आहे."

"तुझं मन मोठं आहे," डॉट म्हणाली आणि टेबलावरून हात लांब करून तिने माझा हात दाबला. "तुला बोलायला नको, लीआन. तू काही बोलू नकोस. आम्हाला कळतं."

आणि एकेक हात खाली यायला लागला. माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. मुद्दाम बघत नव्हते, मला अवघडायला नको म्हणून. डेरिकचा सोडला तर फक्त लायलचा हात वर राहिला. ते म्हातारे डोळे सगळ्यांवरून फिरत होते, कुणी तरी सांगावं की हे खोटं आहे म्हणून.

खोटंच होतं ते.

त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी क्लेटनला सुट्टी होती. तो मागच्या अंगणात गॅरेजच्या भिंतीवर बॉल मारत होता आणि जोसी त्याच्या आसपास पळत होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दर मिनिटाला बघत होते. एकदा फोन आला तेव्हा बघितलं नाही. मग मी तिला आत आणून झोपवलं. दीड तासाने ती उठली, मी तिचा घामेजलेला सदरा काढला आणि तिच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, लाल वळ होता. गोल. आणि त्या वळात टाके. वाकडी ओळ, एकामागे एक, स्वच्छ. दुसऱ्या कुठल्या गावातल्या आईला ते काय आहे ते कळलंही नसतं. मला कळलं. आदल्याच दिवशी तसला वळ मी अख्ख्या मैदानासोबत बघितला होता, आणि तो कशाने उठतो हेही बघितलं होतं.

मी मिसेस डोबेकना फोन केला. त्यांनी विचारलं, "तू बघितलंस का त्याला बॉल मारताना?" मी म्हणाले, मी टाके बघितलेत. त्यांनी विचारलं, "लीआन, तुला खात्री आहे?" मी म्हणाले, हो. थोड्या वेळाने परत विचारलं. मी परत हो म्हणाले, जरा चढ्या आवाजात.

तासाभरात त्या आपला पिकअप घेऊन आल्या. क्लेटनने कपडे दोन कचऱ्याच्या पिशव्यांत भरले. जाळीच्या दारापलीकडे उभा राहून त्याने विचारलं, "ताई, मी काही केलं का?" मी जोसीला कडेवर घट्ट धरलं होतं. मी म्हणाले, "क्लबला विचार." आणि आतलं दार लावून घेतलं.

संध्याकाळी जोसीला आंघोळ घालताना पाठ कोरी होती. डाग नाही, सूज नाही, निळसर काही नाही. बॉलने उठलेला वळ दहा दिवस जात नाही. दुसऱ्या दिवशी चादर बदलताना तिच्या उशीच्या अभ्र्यातून बॉल घरंगळत बाहेर आला. ती त्याच्यावर झोपली होती. बस, एवढंच. दीड तास त्याच्यावर पाठ टेकून झोपली होती.

मी फोन उचलला होता. नंबरही लावला होता. पण मग मला मिसेस डोबेकचं ते दोनदा विचारणं आठवलं, आणि डेरिकला काय सांगू असं वाटलं, आणि उद्या सगळं गाव म्हणेल, वेडी आहे ती, पोरीच्या पाठीवर चादरीची घडी उमटली तरी पोलीस बोलावेल. मी फोन ठेवला. उद्या करू म्हटलं. नऊ दिवसांनी क्लबने क्लेटनला संघातून काढून टाकलं. त्याचे खेळातले आकडे चांगले नव्हते म्हणे. असेलही तसं. मी दीड वर्ष स्वतःला हेच सांगत आलेय, की असेलही तसं.

लायलचा हात अजून वर होता.

"त्याने मारला नाही," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी उभी राहिले. गुडघा टेबलाला लागला आणि कॉफी सांडली.

"त्याने जोसीला बॉल मारला नाही. ती बॉलवर झोपली होती. बॉल उशीत होता. वळ संध्याकाळपर्यंत गेला होता. मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मी सांगितलं नाही."

अजून बरंच बोलणार होते. मी किती घाबरले होते, लहान मूल घरात असलं की कसं होतं, असलं सगळं. पण समोर डॉटचा चेहरा होता. तिने माझ्या हातावरून आपला हात काढून घेतला होता आणि तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. माझं बोलणं तिथेच संपलं.

"दीड वर्ष?" डेरिक म्हणाला. अगदी हळू. "मी चार लोकांना सांगितलं, लीआन. माझ्या आईला सांगितलं. मी सांगायचो की मी त्याला माफ केलंय."

त्याने जोसीला उचललं आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. जोसी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बॉल नाचवत होती.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. मागे कुणी तरी कॉफीचा नळ बंद केला. डॉटने डोळे पुसले आणि हात वर केला. मग बाकीचे गेले. या वेळी कुणी हसत नव्हतं. लायल खाली बसले आणि दुखणारा दंड चोळायला लागले. लहानपणी धावफलकाच्या शिडीवर मला पहिल्यांदा त्यांनीच चढवलं होतं.

मिसेस डोबेकनी सगळे हात मोजले. मी अजून उभीच होते.

"तुझा?" त्या म्हणाल्या.

मी हात वर केला.

त्यांनी वही उघडली, एका कागदावर एक नंबर उतरवला आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"फळीवर नाव घालायच्या आधी पोराला विचारावं लागतं," त्या म्हणाल्या. "एरवी मी विचारते. यंदा तू विचार. आत्ता. त्या दिवशी मी तुला दोनदा विचारलं होतं. आज एकदाच सांगतेय."

कोट टांगायच्या खोलीत ओल्या लोकरीचा वास भरून राहिला होता. मी कोटांच्या मधे उभी राहून नंबर लावला. वाटलं, उचलू नये त्याने. चौथ्या घंटीला त्याने उचलला. मागे कुत्रं भुंकत होतं.

"हॅलो?"

"क्लेटन, मी पोर्ट हॅलमहून बोलतेय. लीआन. जोसीची आई."

त्याने घाईघाईने विचारलं, "ताई? पोरगी बरी आहे ना?"

मी भिंतीला डोकं टेकलं.

"बरी आहे," मी म्हणाले. "तेव्हाही बरीच होती, क्लेटन."