आधी आपली भिंत

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. दोरीला लटकणारा पितळेचा गोळा आणि दोरीच्या वरच्या टोकाला लाकडी ठोकळा, एवढाच माझा संसार. ठोकळा भिंतीला टेकवून मला खाली सोडतात. मी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत सरळ. तिच्यावर रेललो किंवा लांब राहिलो, तर वाकडी. फक्त मी डोलायचा थांबेपर्यंत धीर धरावा लागतो.

एका देवभीरू गवंड्याने मला ओताऱ्याकडून घेतलं. रोज सकाळी तो प्रार्थना करी आणि काल स्वतः रचलेल्या भिंतीला मला लावी. "आधी आपली भिंत, मग दुसऱ्याची," असं तो आपल्या दोन्ही मुलांना बजावी.

धाकटा दारूच्या नादी लागून घर सोडून गेला. थोरल्याने बापाचं आजारपण काढलं, आईला मूठमाती दिली आणि रविवारची उपासना कधी चुकवली नाही. तो मुख्य मिस्त्री झाला आणि मी बापाकडून त्याच्या पिशवीत आलो. चर्चच्या मंडळीत त्याचं नाव आदराने घेतलं जाई, आणि मलाही त्याचा अभिमान वाटे. पण हळूहळू तो मला स्वतःच्या भिंतीला लावेनासा झाला. "माझं काम आणि वाकडं?" म्हणून हसायचा. ते हसणं मला आवडत नसे.

मग धाकटा परतला. चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून त्याने आपल्या चुका कबूल केल्या, तेव्हा लोकांचे डोळे भरून आले. बापाने आपली थापी त्याच्या हाती दिली. पाळकसाहेबांनी चर्चच्या नव्या सभागृहाची दर्शनी भिंत त्याच्याकडे सोपवली. थोरल्याकडे मागची राहिली.

"मी इतकी वर्षं राब राब राबलो, मला कुणी थापी दिली?" तो बायकोला म्हणाला.

"अहो, तुमचा भाऊ परत आलाय. त्याचं काहीच नाही का?"

"त्याचंच तर सगळं चाललंय!"

त्या दिवसापासून त्याची प्रार्थना लांबली आणि जेवण कमी झालं. मी त्याच्या पिशवीत होतो, मला सगळं कळत होतं.

एका दुपारी धाकट्याची भिंत डोक्याच्या वर गेली. येणारेजाणारे थांबून वाहवा करत होते. थोरला तरातरा आला आणि त्याने मला भिंतीवरून सोडलं. त्याचा हात रागाने थरथरत होता. मी इकडून तिकडे झोके घेत होतो. थांब रे, मला स्थिर होऊ दे, असं ओरडावंसं वाटलं, पण मला वाचा कुठली?

"ओळंब्यात नाही. पाड ही!"

धाकट्याने भिंतीकडे पाहिलं, मग भावाकडे. "दादा म्हणतोय म्हणजे असेलच वाकडी," एवढंच तो बोलला. पुन्हा तपासायला त्याने मला मागितलंही नाही. मान खाली घालून तो पायथ्याशी घाव घालू लागला. घाईत त्याने वरून उतरवायचं भान ठेवलं नाही. भिंत त्याच्यावर कोसळली. विटा उपसून त्याला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्यात प्राण नव्हता.

म्हातारा गवंडी आला. कोपऱ्याजवळचा भिंतीचा एक तुकडा अजून उभा होता. त्याने मला तिथे सोडलं आणि वाट पाहिली. मी शांत झालो, आणि भिंतीला जेमतेम शिवलो.

"सरळ होती रे," तो थोरल्याला म्हणाला.

आता मी गंजक्या पेटीत पडून असतो. थोरला अजूनही उपासनेला जातो, पण क्षमेची प्रार्थना आली की त्याचे ओठ मिटतात. कधीतरी तो मला काढून सभागृहामागे नेतो आणि स्वतःच्या भिंतीला लावतो. मी मनापासून स्थिर व्हायचा प्रयत्न करतो. पण त्याच्या हाताची थरथर काही थांबत नाही, आणि त्याची भिंत सरळ की वाकडी हे मला आजवर सांगता आलेलं नाही.

मित्रांनो, मला जरूर वापरा. पण आधी आपल्या भिंतीला लावा, आणि हात शांत आहे तोवरच लावा.