आईचा आकडा खरा होता

मी बीपीचं मशीन बोलतोय. दंडाला गुंडाळायचा राखाडी पट्टा, तोंडावर आकड्यांची काच आणि पोटात हवा, एवढाच माझा संसार. कारखान्यात मला अचूक म्हणून पास केलं होतं. या घरात मात्र माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही.

घर एक, चुली दोन. थोरली आणि धाकटी या जावा एकमेकींशी बोलत नाहीत. बोलायचंच झालं तर भिंतीला ऐकवतात. मधल्या खोलीत त्यांची सासू, म्हणजे आई राहते. मी तिच्या उशाशी.

आईला रोज सकाळी बीपीची एक गोळी. थोरली ती चहाबरोबर देई. मग धाकटीने वेगळं पाकीट आणलं. "तिच्या भरवशावर राहिलं तर झालंच आईंचं कल्याण," असं भिंतीला सांगून तीही गोळी देऊ लागली. आई दोन्ही गिळायची. "घेतली" म्हणावं तर एकीची बाजू घेतल्यासारखं होईल, ही धास्ती.

हळूहळू आईचे पाय सुजले. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. एका सकाळी ती पलंगाची कड धरून खालीच बसली. थोरल्या मुलाने मला तिच्या दंडाला बांधलं. आकडा फार खाली गेला होता. मी तोच दाखवला.

"बिघडलंय हे," म्हणत त्याने मला चापट मारली. "चक्कर येते म्हणजे बीपी वाढलंय."

"स्वस्तातलं आणलं की असंच," धाकटा दारातून म्हणाला.

"मग तू आणायचंस. हात बांधले होते का तुझे?"

दोघांची जुंपली. तेवढ्यात थोरलीने आईला आणखी एक गोळी दिली. ती वळते न वळते तोच धाकटीने आपली दिली. मला नुसतं पीं पीं करता येतं.

दुपारी आई गार पडली. अंगाला घाम आणि नाडी इतकी मंद, की पुढचा ठोका येतो की नाही, असं मला झालं.

दवाखान्यात मलाही नेलं, आरोपी म्हणून. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या मशीनवर मोजलं. आकडा माझ्याइतकाच खाली.

"आज गोळ्या किती दिल्या?"

"दोन," थोरली म्हणाली.

"मीपण दोनच," धाकटी म्हणाली.

"म्हणजे चार. घरात कोणी कोणाला विचारत नाही का?"

आई वाचली. पण घर निवळलं असं समजू नका. आता भिंतीला 'विष घातलं' असं ऐकवलं जातं.

आईने दोघींची पाकिटं मागून घेतली. "माझी गोळी मी घेईन. तुम्ही भांडा खुशाल."

सकाळी ती एकटीच मला बांधते. एका हाताने बांधताना पट्टा घसरतो. धरायला कोणी येत नाही. एक आली तर दुसरी काय म्हणेल? मग आई दोन्हीकडे ऐकू जाईल अशा आवाजात माझा आकडा वाचते. दोन्ही स्वयंपाकघरांतली भांडी थांबतात. तेवढ्यात तरी एकीने दुसरीला काही विचारावं, एवढंच माझं मागणं.

भांडी पुन्हा वाजू लागतात.