रंग गेलेलं पाणी

मला आधी कारखान्याचा राग आला की स्वतःचा, हे अजून सांगता येत नाही.

बारामतीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. कपड्यांच्या अ‍ॅझो रंगांचं सांडपाणी विषारी असतं. लोखंडाच्या धातू-संकुलाची भुकटी बनवून मी त्या विषावर उतारा शोधला. त्या भुकटीपायी तीन वर्षं खपले. पाण्यात भुकटी घालायची, वर पेरॉक्साइड ओतायचं. वीस मिनिटांत लाल पाणी नितळ होतं. पण रंग तुटल्यावर उरणारे तुकडे रंगाहून जहाल असतात, ते मोडायला पुरते चार तास लागतात. प्रयोगशाळेत चार तासांच्या पाण्यात मासे मजेत पोहायचे, वीस मिनिटांच्या पाण्यात उलटे व्हायचे. हे सगळं मी तक्ता करून कारखान्याला दिलं होतं.

कारखाना इंदापूर तालुक्यातला, रंग बनवणारा. दर सोमवारी मी तिथं भुकटीची बरणी पोचवायचे. मॅनेजर इंद्रजितसाहेब नितळ पाण्याचा ग्लास उजेडात धरून पाहुण्यांना दाखवायचे आणि मी शेजारी उभी राहून फुशारायचे. टाकीपाशी चार तास बसून बघावं, एवढं मला सुचलं नाही.

कारखान्याचं पाणी सुटतं तो ओढा पळसदेवच्या अलीकडं उजनी धरणाच्या पाण्याला मिळतो. माझे वडील ज्ञानूआबा तिथंच मासे धरतात. जिवंत माशाला गिऱ्हाईक चांगलं, म्हणून संध्याकाळची चिलापी जाळीच्या पिशवीत घालून वाहत्या पाण्यात बांधून ठेवायची आणि सकाळी भिगवणच्या बाजारात न्यायची, ही सगळ्यांची रीत. लाल ओढ्याच्या तोंडाशी मात्र कुणी फिरकत नसे. माझी भुकटी सुरू झाल्यापासून पाणी नितळ दिसायला लागलं आणि एका संध्याकाळी आबांनी पिशवी तिथं बांधली.

सकाळी मी गेले तेव्हा पिशवीतला एकही मासा हलत नव्हता. आबा ओरडले असते तर बरं झालं असतं.

"लाल हुतं तवर आमी हितं हात बी बुडवत नव्हतो," ते म्हणाले. "तू रंग काढलास, म्हणून मी पिशवी बांधली गं प्रिया."

मी तशीच कारखान्यात गेले. माझ्या डोळ्यांदेखत विसाव्या मिनिटाला कामगारानं टाकीचा व्हॉल्व्ह उघडून पाणी ओढ्यात सोडलं. इंद्रजितसाहेबांना काही वाटलं नाही. चार तास पेरॉक्साइड पुरवणं परवडत नाही, तपासायला येणारे रंगच बघतात, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं.

"मॅडम, पाणी स्वच्छ दिसतंय ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं मी विष उतरवायला राबले आणि या माणसानं माझ्याच हातानं ते झाकून घेतलं!

"दिसतंय, हाच तर गुन्हा आहे," मी म्हणाले.

शेल्फवरची भुकटीची बरणी उचलली आणि निघाले. वाटेत इंदापूरला थांबून मेलेल्या चिलापीचे फोटो आणि माझा तक्ता जोडून प्रदूषण मंडळाकडं तक्रार टाकली. चार तास टाकी चालवल्याशिवाय माझ्याकडून चिमूटभर भुकटी मिळणार नाही, हेही त्यात लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ओढा पुन्हा लाल वाहत होता. आबांनी तो लांबूनच बघितला आणि होडी वळवली.